सायक्लोहेक्झीन दुधाळच राहतं? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

जुलै लागला की आमच्या लॅबमध्ये हे ठरलेलं. एसवायची (बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची) बॅच सायक्लोहेक्झॅनॉलपासून सायक्लोहेक्झीन करायला घेते आणि साडेबाराच्या सुमारास टेबलावर कोनिकल फ्लास्कची रांग लागते. प्रत्येकात ताकाच्या निवळीसारखं काहीतरी. मॅन्युअलमध्ये छापलंय 'स्वच्छ, रंगहीन द्रव'. पोरं फ्लास्क खिडकीकडे धरून बघतात, हलवतात, पाणी शोषणारं कॅल्शियम क्लोराइड अजून चमचाभर टाकतात, परत हलवतात. निवळत नाही. शेवटी कोणीतरी हळूच जर्नलमध्ये 'स्वच्छ, रंगहीन द्रव' लिहून मोकळा होतो.

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात हे प्रॅक्टिकल मी बरीच वर्षं घेतोय. बाहेर पाऊस असा की समोरचं कुळागर (सुपारीची बाग) दिसत नाही, आणि आत सगळे विचारतात, "सर, रिअॅक्शन झाली नाही का?" रिअॅक्शन झालेली असते. दहापैकी नऊ वेळा चूक फ्लास्कमध्ये नसते, पाण्यात असते. अल्कोहोलपासून अल्कीन (सायक्लोहेक्झीनसारखं दुहेरी बंधाचं संयुग) बनवणं म्हणजे एका अर्थी पाणी बाहेर काढणं, आणि गोव्यातल्या पावसाळ्यात ते दारातून परत आत येतं.

रिअॅक्शन थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सायक्लोहेक्झॅनॉलच्या ऑक्सिजनला आम्लातला प्रोटॉन चिकटतो, पाण्याचा रेणू सुटून जातो, मागे दुय्यम कार्बोकॅटायन उरतं, आणि शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन प्रोटॉन म्हणून निघाला की दुहेरी बंध तयार. आम्ल शेवटी परत मिळतं, म्हणून ते थोडंच पुरतं. पण ही वाट दोन्हीकडून चालते. अल्कीन आणि पाणी एकत्र आम्लात राहू दिले तर अल्कोहोल परत तयार होतं. म्हणूनच आपण तयार झालेलं सायक्लोहेक्झीन लगेच डिस्टिल करून बाहेर ओढतो. पाणीही त्याच्याबरोबरच येतं. २० मिलि सायक्लोहेक्झॅनॉल म्हणजे साधारण १९.२ ग्रॅम. त्यातून सुटणारं पाणी साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ते रिसीव्हरमध्ये तळाशी दिसायलाच हवं. नाही दिसलं तर काळजी करा.

कॅल्शियम क्लोराइडची बाटली

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो.

गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम एक प्रयोग केला. बाटलीतून ॲनहायड्रस (पाणी नसलेल्या) कॅल्शियम क्लोराइडचे चार-पाच दाणे वॉच ग्लासवर काढले आणि खिडकीजवळ ठेवले. हजेरी घेऊन येईपर्यंत त्यांच्यावर घाम सुटला होता. डेमो संपेपर्यंत दाणे एकमेकांना चिकटले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वॉच ग्लासमध्ये नुसतं पाणी, मध्ये एक मऊ खडा. पोरांनी फोटो काढले. त्यांना घरचं उदाहरण दिलं की लगेच पटतं: आगरवाड्याच्या मिठागरांतलं खडे मीठ पावसाळ्यात बरणीत पाणी सोडतं, ते मिठामुळे कमी आणि त्यात राहिलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे जास्त. कॅल्शियम क्लोराइड हा त्याचाच भाऊ.

त्यात आपल्याकडची आणखी एक अडचण. पाण्याचे सहा रेणू घेतलेलं त्याचं हायड्रेट ३० अंश सेल्सिअसलाच वितळतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या लॅबमध्ये तो दाणा दाणाच राहत असेल. आमच्याकडे मे-जूनमध्ये खोलीचं तापमानच तेवढं. मग तळाशी चिकट पाक तयार होतो, आणि पोरांना वाटतं की क्लोराइड 'विरघळलं'.

तपासणी सोपी आहे. क्लोराइड टाकून फ्लास्क गोल फिरवा. दाणे मोकळे, काचेवर टकटक वाजत फिरले तर ते अजून पाणी घेऊ शकतात. सगळे एकत्र गोळा होऊन तळाला बसले तर त्यांचं पोट भरलंय. वरून अजून टाकू नका. द्रव दुसऱ्या कोरड्या फ्लास्कमध्ये ओता आणि तिथे नवे दाणे घ्या. १५ मिलि द्रवाला दोनेक ग्रॅम आणि पंधरा-वीस मिनिटं, मध्येमध्ये हलवत. घाई केलीत तर मात्र काहीच उपयोग नाही.

बाटलीतलंच क्लोराइड ओलं झालं असेल तर ते फेकायची गरज नाही. पोर्सेलिनच्या वाटीत घेऊन २०० अंशांच्या वर चांगलं तापवा, पाण्याचा फसफसाट थांबून कोरडा पांढरा थर उरेपर्यंत. गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (आत कोरडी हवा राहणाऱ्या बंद भांड्यात) टाका. आमचा लॅब अटेंडंट भाई हे काम चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीआधी एकदा आणि नंतर एकदा करतो. बाटलीच्या तोंडाला पॅराफिनची पट्टी गुंडाळतो, आणि झाकण उघडं टाकून गेलेल्याला शोधून काढतो. त्याच्या भीतीने बाटली जितकी कोरडी राहते तितकी माझ्या सूचनेने कधी राहिली नाही.

"सोडियम सल्फेट वापरू का?" हा प्रश्न हटकून येतो. हिवाळ्यात वापरा. पण सोडियम सल्फेट पाणी धरतं ते दहा रेणूंच्या हायड्रेटमध्ये, आणि ते हायड्रेट ३२.४ अंशांना मोडतं. मे महिन्यातल्या दुपारी पंखा बंद असलेल्या लॅबमध्ये ते तुमचं पाणी घेऊन बसणार नाही. मॅग्नेशियम सल्फेट जलद आहे, चालतं. तरी मी इथे कॅल्शियम क्लोराइडलाच पसंती देतो, कारण ते अल्कोहोललाही धरतं. न बदललेलं थोडं सायक्लोहेक्झॅनॉल डिस्टिलेटमध्ये आलेलं असतं, त्यातला काही भाग इथेच अडकतो.

वाळवण्याआधीची धुलाई

क्लोराइड सुकवण्यासाठी आहे, पूर उपसण्यासाठी नाही. खालचा पाण्याचा थर आधी सेपरेटिंग फनेलमध्ये वेगळा काढा. पाण्यात थोडं मीठ विरघळवलं की सायक्लोहेक्झीनचा त्यात राहणारा अंश वर येतो आणि थरांमधली रेघ स्पष्ट दिसते. मग सोडियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणाने धुवायचं. आम्ल मारलं जाताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. फनेल उलटी करून तोटी उघडायला विसरलात तर बूच उडतं. एकदा छताला लागलं होतं.

कोणता थर कोणता? सायक्लोहेक्झीनची घनता ०.८१, म्हणजे ते वर. दर वर्षी एक तरी मुलगा वरचा थर बेसिनमध्ये ओततो आणि खालचं पाणी जपून वाळवत बसतो. शंका आली तर वरून पाण्याचा एक थेंब सोडा आणि तो कुठे जाऊन थांबतो ते बघा. दोन्ही थर, ईल्ड (किती माल हाती आला ते) मोजून होईपर्यंत, टेबलावरच ठेवा.

थर्मामीटर काय सांगतो

शुद्ध सायक्लोहेक्झीन ८३ अंशांना उकळतं. पण पाणी सोबत असलं की दोघं मिळून ७१ अंशांच्या जरा खालीच निघतात, आणि त्या वाफेत दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पहिल्या डिस्टिलेशनमध्ये हे साहजिकच आहे. पण वाळवून झाल्यावर दुसऱ्यांदा डिस्टिल करताना थर्मामीटर ७० वर येऊन थांबला, तर समजा माल अजून ओला आहे. तिथे थांबा. ओतून घ्या, परत वाळवा. ८० ते ८५ मध्ये जे येतं तेच गोळा करायचं. मला विचाराल तर या सगळ्या प्रॅक्टिकलमधला खरा धडा हा एकच आकडा आहे. फ्लास्क उजेडाला धरून जे कळत नाही ते ७० आणि ८३ मधल्या फरकातून कळतं.

पहिल्या डिस्टिलेशनची गोष्ट वेगळी. तिथे मोठी आच लावली की वाफेचं तापमान ९५-१०० च्या दिशेने धावतं. पाणी आणि सायक्लोहेक्झॅनॉल ९७.८ अंशांना जोडीने उकळतात, म्हणजे तुमचा कच्चा माल न बदलताच रिसीव्हरमध्ये येतोय. आच कमी करा. दोन-तीन सेकंदांना एक थेंब, एवढीच चाल ठेवा. फ्रॅक्शनेटिंग कॉलम असेल तर लावाच. ज्यांच्या घरी काजूची भट्टी आहे त्या पोरांना हे सांगावं लागत नाही. आग वाढवली की फेणी बिघडते आणि गार पाणी घालणारा झोपला की वाफ उडून जाते, हे त्यांनी लहानपणी बघितलेलं असतं.

थर्मामीटरचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडाशी हवा. वर सरकलेला असेल तर तो वाफेचं नव्हे, हवेचं तापमान दाखवतो, आणि तुम्ही ६५ वाचून गोंधळात पडता.

मे महिन्यात उलटी तक्रार येते: ईल्ड कमी. स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी दुपारी दोनला चहाला चालेल इतकं गरम असतं, आणि तेच कंडेन्सरमधून फिरतं. तेव्हा प्रॅक्टिकल सकाळच्या बॅचला लावा आणि रिसीव्हर बर्फात ठेवा. मात्र पावसाळ्यात बर्फात ठेवलेल्या रिसीव्हरच्या तोंडावर हवेतलं पाणी जमून आत ठिबकतं. शेवटच्या डिस्टिलेशनला हवेच्या नळीवर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावायची. नळी बंद करायची नाही. बंद यंत्रणा तापवणं म्हणजे बाँब.

आणि काचसामान. पावसात स्टँडवरचं काचसामान चार दिवस सुकत नाही. पोरं पहिल्या डिस्टिलेशनसाठी फ्लास्क पुसून पुसून कोरडा करतात. तिथे तर आम्लातच १५ टक्के पाणी आहे, काही बिघडत नाही. दुसऱ्यांदा मात्र धुतलेला ओला कंडेन्सर तसाच लावतात. हे नेमकं उलटं हवं.

ईल्डचं गणित: २० मिलि सायक्लोहेक्झॅनॉलपासून पूर्ण बदल झाला तर १५.८ ग्रॅम. हातात दहा-अकरा ग्रॅम स्वच्छ माल आला की मी पूर्ण मार्क देतो. पंधरा ग्रॅम दाखवणाऱ्याच्या फ्लास्कमध्ये मी आधी पाणी शोधतो.

फ्लास्क काळा पडला

म्हणजे तुम्ही संहत सल्फ्युरिक आम्ल वापरलंय. ते पाणी ओढतं खरं, पण सोबत सेंद्रिय पदार्थ जाळतं, अल्कीनचे रेणू एकमेकांना जोडून डांबरासारखा गाळ करतं, आणि स्वतः सल्फर डायऑक्साइड सोडतं. आम्ही २० मिलिला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल ५ मिलि घेतो. थोडं सावकाश चालतं, पण फ्लास्क धुता येतो. उकळणं धक्के देत असेल तर पोर्सेलिनचे तुकडे गार असतानाच टाकायचे. गरम द्रवात टाकलेत तर सगळं उसळून वर येतं.

चाचणीने फसवलं

सल्फर डायऑक्साइडचा मुद्दा इथेही येतो. अल्कीन ब्रोमीन पाण्याचा आणि परमँगनेटचा रंग घालवतं, त्यावरूनच ते ओळखायचं. पण हा वायूही दोघांचा रंग घालवतो. कार्बोनेटने न धुतलेल्या डिस्टिलेटची चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तर ती अल्कीनची की वायूची, सांगता येत नाही. आधी धुवा, मग चाचणी.

दुसरी फसवणूक तुलनेच्या नळीत होते. सायक्लोहेक्झेनमध्ये (यात दुहेरी बंध नाही) ब्रोमीन पाणी घालून हलवलं की खालच्या पाण्याचा रंग जातो आणि पोरगी लिहिते 'रंग गेला, असंतृप्त' (म्हणजे दुहेरी बंध आहे). अगं, वर बघ. ब्रोमीन कुठे गेलेलं नाही, वरच्या थरात चढून बसलंय, तो थर नारिंगी झालाय. अल्कीनमध्ये दोन्ही थर रंगहीन होतात. उलट सायक्लोहेक्झीन टाकूनही रंग जातच नसेल, तर अल्कीन तयार झालेलं नाही आणि तुमच्याकडे नुसतं अल्कोहोल आहे. काहीच ठरत नसेल तर बाटली बघा: जुन्या ब्रोमीन पाण्यातलं ब्रोमीन उडून ते फिकट झालेलं असतं, आणि फिकट रंग कशानेही जातो. ताजं करा, गडद बाटलीत थंड जागी ठेवा, फ्यूम हूडमध्येच वापरा, आणि शेजारी सोडियम थायोसल्फेटचं द्रावण हाताशी असू द्या.

एकदा एक मुलगा काजूच्या टरफलाचं तेल घेऊन आला. तापवलेल्या तेलातलं कार्डॅनॉल, त्याची पंधरा कार्बनची शेपटी, तिच्यातले दुहेरी बंध, हे सगळं वाचून आला होता. ब्रोमीन पाणी क्षणात रंगहीन झालं आणि तो खूश. पण कार्डॅनॉल फिनॉलही आहे, आणि फिनॉलचं वलय एकटंच ब्रोमीन खातं. म्हणजे त्याच्या नळीने शेपटीबद्दल काहीच सिद्ध केलं नव्हतं. हिरमुसला, पण ही गोष्ट तो आता कधी विसरणार नाही. त्या तेलाने त्याच्या बोटांची कातडीही सोलली होती, हे वेगळं.

आणि ब्रोमीन पाण्याचं उत्पादन लिहिताना १,२-डायब्रोमोसायक्लोहेक्झेन एवढंच लिहू नका. तो डायब्रोमाइड कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या कोरड्या द्रावकात. पाण्यात ब्रोमोनियम वलयावर (दुहेरी बंधाला ब्रोमीन चिकटून बनलेल्या मधल्या टप्प्यावर) मागून हल्ला करायला पाण्याचे रेणूच जास्त संख्येने हजर असतात, म्हणून मुख्यतः ट्रान्स-२-ब्रोमोसायक्लोहेक्झॅनॉल मिळतं. इथेही परत पाणीच.

कागदावरची तीच चूक

बारावीच्या पेपरात दर वर्षी मार्क जातात ते अल्कोहोलिक आणि जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. जलीय म्हटलं की पाण्याने वेढलेला हायड्रॉक्साइड ब्रोमोअल्केनमधल्या ब्रोमीनची जागा घेतो आणि अल्कोहोल देतो. अल्कोहोलिक आणि गरम म्हटलं की इथॉक्साइडसारखा कडक बेस हायड्रोजन ओढतो आणि अल्कीन देतो. २-ब्रोमोपेंटेनपासून ८१ टक्के पेंट-२-ईन आणि १९ टक्के पेंट-१-ईन, हा झायत्सेव्हचा नियम: दुहेरी बंधावर जास्त कार्बन जोडलेलं अल्कीन जास्त मिळतं. लॅबमध्ये सायक्लोहेक्झॅनॉलच का घेतात, याचं उत्तरही इथेच आहे: वलयात कुठल्याही बाजूचा हायड्रोजन गेला तरी अल्कीन एकच, मिश्रणाची कटकट नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्याही पावसाळ्यात तराजूवरच पाणी पितात. वजन झटपट करा.

इथेनॉलचं काय होणार ते तापमान ठरवतं: संहत सल्फ्युरिकसोबत ४४३ केल्विनला इथीन, ४१३ ला डायइथिल ईथर. आणि ३-मिथिलब्यूट-१-ईनमध्ये हायड्रोजन क्लोराइड घातल्यावर मार्कोव्हनिकोव्हच्या 'नियमाप्रमाणे' (हायड्रोजन जास्त हायड्रोजनवाल्या कार्बनवर जातो) २-क्लोरो-३-मिथिलब्यूटेन लिहून थांबू नका. कार्बोकॅटायनला शेजारून हायड्राइड सरकून तृतीयक व्हायची संधी आहे आणि ती तो सोडत नाही. २-क्लोरो-२-मिथिलब्यूटेनही लिहा.

जुनी बाटली

मार्कोव्हनिकोव्हचा नियम १८७० चा. त्यानंतर कित्येक वर्षं हायड्रोजन ब्रोमाइडने लोकांना छळलं. तोच अल्कीन, तीच कृती, कधी ब्रोमीन मधल्या कार्बनवर, कधी टोकाच्या. शिकागोत खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये ॲलिल ब्रोमाइड घेऊन याचा छडा लावला. हवा आणि उजेड लागलेल्या नमुन्यात पेरॉक्साइड साठलं होतं, त्याने रॅडिकलची (एकट्या इलेक्ट्रॉनच्या कणांची) साखळी सुरू होऊन १,३-डायब्रोमोप्रोपेन मिळत होतं. शुद्ध, हवा न लागलेल्या नमुन्यात सावकाश १,२-डायब्रोमोप्रोपेन. हा पेरॉक्साइड परिणाम फक्त हायड्रोजन ब्रोमाइडला लागू. हायड्रोजन क्लोराइड आणि आयोडाइडला नाही, तिथे तो लिहिलात तर मार्क गेले.

तुमच्या सायक्लोहेक्झीनलाही हवेने पेरॉक्साइड होतं. म्हणून बाटलीवर तयार केल्याची तारीख घाला, गडद काचेत ठेवा, आणि डिस्टिल करताना फ्लास्क कधीही कोरडा पडू देऊ नका. आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चची पट्टी निळी झाली तर ती बाटली तापवायची नाही. आमच्या कपाटात मागे एक बाटली सापडली, लेबल कसरीने खाल्लेलं, बुचाभोवती पांढरे स्फटिक. भाई ती उघडायला निघाला होता. त्याला तिथेच थांबवलं, बाटलीला कोणी हात लावू नये म्हणून खोली रिकामी केली आणि विभागप्रमुखांना फोन लावला.